मशेरीला कुठं धूर असतो

ये गं पोरी, अशी जवळ बस. उंबऱ्यात उभं राहून वाचायचं हे नाही. आणि आधी ते बोट तोंडातनं काढ. मला दिसत नाही असं समजू नकोस. गारगोटीत जेवण झाल्यावर तू काय करतेस ते मला कोल्हापुरात बसून कळतं. चूळ भर, तोंड पूस, मग पुढचं वाच.

गेल्या महिन्यात तू आलीस आणि पिशवीतनं डबी काढून माझ्यापुढं ठेवलीस. घरी भाजलेली, फडक्यानं चाळलेली काळीभोर मशेरी. "मावशी, तुझ्यासाठी खास आणलीया," म्हणालीस. मी डबी उचलली, मोरीत उपडी केली आणि वर बादलीभर पाणी ओतलं. तुझं तोंड एवढंसं झालं. अर्धा चहा तसाच टाकून उठलीस, दुपारच्या गाडीनं गेलीस, आणि तेव्हापासनं तुझा फोन नाही.

रागावली असशील. रागाव. पण मला राग डबीचा नव्हता आला. डबी काढायच्या आधी तू जे बोललीस त्याचा आला होता. "ह्यांनी बिडी सोडली मावशी, पर लई चिडत्यात. म्हटलं, जरा मशेरी लावा. लावली की गप होत्यात. मशेरीला कुठं धूर असतो?"

पोरी, हे वाक्य माझं आहे. अगदी ह्याच शब्दांत मी ते तुझ्या काकांना म्हटलं होतं, आणि म्हणून त्यांच्या डाव्या पायाला आज चार बोटं आहेत. अंगठा साखरेनं गेला असं तुला वाटतं. सगळ्या पाहुण्यांना मी तेच सांगितलं. ह्यांना साखर कधी नव्हतीच. मी खोटं बोलले, लाजेनं बोलले. आज खरं काय ते लिहून काढते.

तुझ्या काकांनी सगळी हयात उद्यमनगरात लेथवर काढली. बिडी तिथंच लागली. मशीन बंद करायचं, हात पुसायचे, बाहेर जाऊन एक ओढायची, पुन्हा आत. कामावरनं सुटले तरी बिडी सुटली नाही. दिवसाला दोन बंडलं. मी भांडले, रुसले, माहेरी जाऊन बसले, काही उपयोग झाला नाही. पण एक सांगते, माणसानं कधी लपवून ओढली नाही. माझ्या बापासमोर ओढली, सोयऱ्यांसमोर ओढली. "माझं हे असं हाय," म्हणायचे.

मग चालताना पोटरी धरायला लागली. तालमीच्या कट्ट्यापर्यंत जाताना दोनदा थांबायचे आणि थांबण्याला काहीतरी निमित्त काढायचे, कधी कुणाशी बोलायचं, कधी चपलेतला खडा. त्यात नवीन चप्पल घेतली. कोल्हापुरी नवी असली की चावतेच, तेल पाजून चार दिवस घासू द्यायची, त्यात कुणी काळजी करत नाही. चपलेच्या अंगठ्यानं पायाच्या अंगठ्याला घासलं, एवढीशी जखम झाली. महिना झाला तरी भरेना. हळद झाली, खोबरेल झालं. कडेनं कातडी काळी पडायला लागली तेव्हा मी रिक्षात घालून डॉक्टरकडं नेलं.

डॉक्टर तरुण होता, पण शब्द मोजून बोलणारा. पाय दाबून बघितला, यंत्र लावून आतला आवाज ऐकवला. म्हणाला, "आजोबा, तंबाखूनं तुमच्या पायाच्या नसा आवळल्यात. रक्त अंगठ्यापर्यंत पोचत नाही, मग जखम भरणार कशानं? तंबाखू पूर्ण बंद करा. एक झुरकासुद्धा नको. केलात तर अंगठा वाचवायचा प्रयत्न करू. नाही केलात तर काढावा लागेल, आणि पुढं कुठं थांबेल ते मी सांगू शकत नाही."

"करतो बंद," हे म्हणाले.

"बिडीशिवाय आणखी काय? तंबाखू खाता? मावा, गुटखा?"

"न्हाय. आयुष्यात कधी न्हाय."

हे खरंच होतं. डॉक्टरनं लिहून घेतलं. मग मला म्हणाला, "आजी, पहिले तीन-चार दिवस वाईट जातील. चिडतील, झोप येणार नाही, पोट साफ होणार नाही. तुम्ही सोसा. मग उतरत जाईल. तीन-चार आठवड्यांत माणूस ताळ्यावर येतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी ह्यांनी उरलेलं बंडल पेटत्या बंबात टाकलं. मी शेजारीच होते. बंबाच्या तोंडातनं वास आला तसे म्हणाले, "शेवटची बंबानं वडली."

पहिला दिवस बरा गेला. दुसऱ्या दिवशी आमटीत मीठ जास्त झालं म्हणून ताट सरकवलं. मीठ बेताचंच होतं, मी चाखून बघितलं. तिसऱ्या दिवशी पंखा जोरात फिरतोय म्हणून पंख्याला शिव्या, हळू केला तर उकडतंय म्हणून मला. शेजारीण खोबऱ्याची किसणी मागायला आली, तर तिला म्हणाले, "तुला पाय उचलून चालता येत न्हाय का? घासत येतीस ते डोक्यात जातंय." ती बिचारी किसणी न घेताच गेली. वर पोट साफ नाही, तोंडाला चव नाही. परसातल्या पायरीवर डोकं धरून बसले होते. हात थरथरत होते. लेथवर केसाएवढा फरक बोटानं ओळखणारा माणूस, त्याच्यानं कपबशी धरवत नव्हती.

मी शेजारी बसले होते, माझी डबी घेऊन. तुला माहीतच आहे, मला नवव्या वर्षी दाढ दुखली म्हणून माझ्या आईनं, म्हणजे तुझ्या आजीनं, बोटानं मशेरी लावली आणि तेव्हापासनं ती तोंडातनं गेली नाही. सकाळी एकदा, जेवणानंतर एकदा, चार वाजता एकदा. आपल्यात त्याला व्यसन कोण म्हणतं? दात घासणं म्हणतात. पाहुण्या बाईला पाणी दिल्यावर डबी पुढं करतात. निपाणीचा तंबाखू आणायचा, लोखंडी तव्यावर काळा होईस्तोवर भाजायचा, घरभर ठसका उठतो, पोरं शिंकत बाहेर पळतात, मग कुटायचा, चाळायचा. आणि एवढं सगळं हातानं करून बाई म्हणते, मी तंबाखूला शिवत नाही.

मी डबी पुढं केली. म्हटलं, "अहो, जरा चिमूटभर लावा. पोट साफ हुईल, तोंडाला चव यील."

ते म्हणाले, "चालतंय का? डॉक्टर वरडंल."

"दात घासल्यावर डॉक्टर कशाला वरडंल? मशेरीला कुठं धूर असतो?"

लावली. थोड्या वेळात खांदे सैल पडले. हात थांबले. पोट साफ झालं. मी मनात म्हटलं, बघ, शिकलेल्यांना जे कळलं नाही ते मला कळलं. इतका माज केला मी त्या दिवशी.

मग तो रिवाजच पडला. सकाळी बंब पेटला की दोघं पायरीवर, मध्ये डबी. आमच्या लग्नात इतकी वर्षं आम्ही असं शेजारी बसून काही केलं नव्हतं. ते कट्ट्यावर जायचे, मी चुलीशी. आता ते तळहात पुढं करायचे, मी चिमूट सोडायची, आणि दोघं गप्प घासत बसायचो. खोटं कशाला बोलू, मला ते आवडायला लागलं होतं. त्याचाच आता जास्त राग येतो.

चार आठवडे झाले. माणूस ताळ्यावर येईना. सकाळी बरा, दोन-तीन तासांनी पुन्हा चिडका, जेवून मशेरी लावली की बरा, चार वाजायच्या आत पुन्हा कपाळाला आठ्या. सहा आठवडे झाले. झोप नाही. मी बरं वाटावं म्हणून चहा वाढवला, दिवसाला पाच-सहा कप. छाती धडधडते म्हणायला लागले. आणि अंगठ्याची काळी कड पुढं सरकत होती.

मला संशय यायला लागला. शर्ट हुंगला. स्कूटरची डिकी उघडून बघितली. एकदा भाजीला जाते सांगून कट्ट्याच्या मागच्या बोळात उभी राहिले, एवढी म्हातारी बाई, पिशवी घेऊन नवऱ्यावर पाळत ठेवून. ते नुसते बसले होते. शेजारच्यानं बिडी पुढं केली, ह्यांनी हात हलवून नको म्हटलं. तरी मला वाटलं, मी दिसले असणार.

सातव्या आठवड्यात डॉक्टरनं लघवी तपासायला सांगितली. पट्टी बुडवून बघायची तपासणी. बघून आला आणि खुर्ची ओढून बसला. "आजोबा, अंगात तंबाखू आहे. थोडाथोडका नाही."

हे म्हणाले, "असं कसं हुईल?"

आणि मी सुटले. बाहेर बाकावर माणसं होती, दार उघडं होतं, मला भान नाही. "लाज वाटत न्हाय का? पाय कुजाय लागलाय आणि चोरून वडताय? मी सात आठवडं तुमच्या शिव्या खाल्ल्या ते कशापायी?"

"लेकीची शपथ. एक बी न्हाय वडली."

"तुमच्या शपथेला बी बिडीचा वास येतोय."

बाहेर कुणीतरी हसलं. तुझ्या काकांनी मान खाली घातली ती वर केली नाही. घरात आल्यावर चपला काढता काढता एवढंच म्हणाले, "जलमभर वडली तवा लपवली न्हाय. आता कुणाच्या भ्यानं लपवू?"

खरं तर मला तेव्हाच थांबून विचार करायला पाहिजे होता. हा माणूस खोटं बोलत नाही हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक होतं? पण रागाला तेवढी उसंत नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी सवयीनं तळहात पुढं केला आणि मी रागानंच चिमूट टाकली. टाकली बघ. तेव्हाही टाकली.

त्याच दिवशी ड्रेसिंग होतं. पट्टी बांधणारी सिस्टर आपल्याच भागातली, चंदगडकडची, बोलघेवडी. ह्यांना हसवायला म्हणाली, "आजोबा, काजळ लावून आलाय की काय? ओठाला काळं लागलंय."

"मशेरी हाय. दात घासतो."

सिस्टरचा हात पट्टीवर तसाच थांबला. तिनं ह्यांच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. हळू आवाजात विचारलं, "आजी, मशेरी कशाची करता तुम्ही?"

"कशाची म्हंजे काय? तंबाखू भाजून..."

पुढचं तोंडातनं आलंच नाही. माझे शब्द मीच ऐकले. साठ वर्षं मी ती हातानं भाजत होते आणि हा शब्द त्या कामाला लावून मी कधी उच्चारला नव्हता.

सिस्टरनं डॉक्टरला बोलावलं. त्यानं ऐकलं आणि कपाळावर हात मारून घेतला. मग स्टूल ओढून आमच्यासमोर बसला आणि पहिल्यांदाच सगळं नीट समजावून सांगितलं. निकोटिन नावाचं जे आहे, बिडीत तेच, तंबाखूत तेच, मशेरीतही तेच. मेंदूला धुराशी देणंघेणं नाही, निकोटिन कुठल्या का वाटेनं येईना, हिरडीतनं आलं तरी मेंदू ते घेतो. ते रक्तातनं लवकर उतरतं, दोन तासांत निम्मं. उतरलं की मेंदू आणखी मागतो, तीच चिडचिड, तोच हातांचा कंप. लिव्हर त्याचं कोटिनिन करतं. ते स्वतः फारसं काही करत नाही, पण अंगात रेंगाळतं, तंबाखू सोडला तरी दोन-चार दिवस सापडतं. लघवीच्या पट्टीवर दिसलं ते तेच. आणि चहा? बिडीच्या धुरानं लिव्हर चहा झपाट्यानं पचवत होतं. धूर बंद झाला, आता तोच चहा अंगात दुप्पट टिकतो. मी बरं वाटावं म्हणून देत होते तो चहा त्यांची झोप खात होता.

पट्टीनं खरंच सांगितलं होतं, पोरी. ती माझी चहाडी करत होती आणि मी शिक्षा ह्यांना दिली.

आपल्याला कळेल असं सांगते. बिडी सोडणं म्हणजे घाट चढणं. पहिले तीन दिवस खडी चढण, मग वळणं, मग सपाटी. तुझ्या काकांनी तीन दिवस चढण चढली होती. वरचं वळण दिसत होतं. आणि तिथनं पुढं मी त्यांना रोज हाताला धरून पुन्हा पायथ्याला आणून सोडत होते. दिवसातनं तीनदा. सात आठवडे माणूस पहिलीच चढण चढत होता, आणि मी वर उभी राहून विचारत होते, अजून का पोचला नाहीस?

मला राग आवरला नाही. मी डॉक्टरवरच ओरडले. "तुम्ही इचारलं, तंबाखू खाता का. दाताला काय लावता हे इचाराय काय झालतं? हितं कोल्हापुरात दवाखाना टाकलाय नव्हं? परसात बसून बायका काय करत्यात ते ठावं न्हाय?"

तो म्हणाला, "चुकलं माझं, आजी. माझी आई पण लावते. मला सुचलंच नाही."

झालं. त्याच्या आईचीही गत तीच. पुरुषाच्या बिडीला सगळं जग व्यसन म्हणतं. बाईच्या बोटावरच्या तंबाखूला कुणी नावच ठेवलं नाही. मशेरी घरात राहते, आवाज नाही, धूर नाही, कुणाच्या डोळ्यावर येत नाही. नाव नाही म्हणून कुणी विचारत नाही, आणि विचारत नाही म्हणून ती राहते.

परत येताना रिक्षात तुझे काका म्हणाले, "म्हंजे रोज मी सोडत हुतो आन रोज तू धराय लावत हुतीस." आणि हसले. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. त्या हसण्यानं मला जे लागलं ते अजून दुखतंय.

घरी आल्या आल्या मी डब्या काढल्या. देवघरामागची, उशाखालची, मसाल्याच्या डब्याशेजारची. इतक्या होत्या हे मलाच ठाऊक नव्हतं. सगळ्या बंबात.

मला वाटलं होतं, मी काय, मी सहज सोडेन. मी बिडीवाली थोडीच? दुसऱ्या दिवशी दुपारी मी कुकरच्या शिट्टीवर चिडले. पळी फेकून मारली, भिंतीला खोक पडली, बघ पुढच्या वेळी आलीस की. गवळ्याला म्हटलं, दुधात पाणी घालतोस, इतक्या वर्षांचा गवळी. न्हाणीत जाऊन रडले, कारण काही नाही. बोट आपोआप तोंडाकडं जायचं आणि रिकामं परत यायचं. डोकं कुणीतरी फडक्यात घालून पिळतंय असं वाटायचं. तेव्हा मला कळलं ताट का सरकवलं होतं. तेव्हा कळलं पंखा डोक्यात का फिरत होता. मी ह्यांना ज्या ज्या गोष्टीसाठी बोलले होते ती प्रत्येक गोष्ट माझ्या अंगात येऊन बसली होती.

ते मला एका शब्दानं बोलले नाहीत. त्यांनाही तेच होत होतं. पायरीवर बसून भुईमुगाच्या शेंगा फोडायचे, दाणे माझ्या हातावर ठेवायचे. "चाव. तोंड हलतं ठेव," म्हणायचे. चौथ्या दिवशी म्हणाले, "आज जरा कमी हाय का?" मी म्हटलं, "तुमचं?" तर म्हणाले, "माझंबी." दहाव्या दिवशी त्यांना झोप लागली, अशी लागली की मी दोनदा नाकापाशी हात धरून बघितला. तीन आठवड्यांत माणूस ताळ्यावर आला. डॉक्टरनं पहिल्या दिवशी सांगितलं होतं तसाच, तेवढ्याच दिवसांत.

पण अंगठा थांबला नव्हता. माझ्या सात आठवड्यांत त्यानं जायचं तेवढं अंतर कापलं होतं. काढावा लागला. डॉक्टर म्हणाला, पाय वाचला हे नशीब समजा. तंबाखू वेळेत थांबला असता तर अंगठा वाचलाच असता असं तो म्हणत नाही. "सांगता येत नाही आजी," म्हणतो. तो भला माणूस आहे म्हणून असं म्हणतो. मला जे समजायचं ते मी समजले.

अंगठा नसला की कोल्हापुरी पायात राहत नाही. चप्पल सगळी अंगठ्याच्याच जोरावर धरलेली असते, हे मलाही तोवर कधी जाणवलं नव्हतं. जन्मभर करकर वाजवत चाललेला माणूस सहा महिने रबरी सपाता घालून बसला. शेवटी चर्मकारानं डोकं चालवलं, टाचेमागनं पट्टा लावून दिला. आता पुन्हा कट्ट्यापर्यंत जातात. वाटेत थांबत नाहीत.

म्हणून सांगते, तुझी डबी मी ओतली त्याचं मला वाईट वाटत नाही. जावईबापू मशेरी लावली की गप होतात म्हणालीस ना? गप होतात कारण तू त्यांना तेच देतेस जे त्यांनी सोडलंय. ते चिडतात ते तुझ्यावर नाही. त्यांना चिडू दे. तीन दिवस चिडू दे, तीन आठवडे चिडू दे, ताट सरकवलं तर उचलून ठेव. चहा निम्मा कर. आणि तू स्वतः सोडल्याशिवाय ते सुटणार नाही, डबी घरात असली की हात जातोच. फार जड गेलं तर तिथल्या दवाखान्यात जा आणि विचारायची वाट न बघता आपणहून सांग, आम्ही मशेरी लावतो म्हणून. लाजू नकोस. मी लाजले त्याचं काय झालं ते वाचलंस.

आणि एकटीनं सोसत बसू नकोस. दोघं हिकडं या. ह्याच आठवड्यात या, पुढच्या सणावर ढकलू नकोस. आठ-दहा दिवस राहा. कितीही चिडलात तरी इथं कुणाला नवल नाही, भिंतीवर आणखी एका खोकेला जागा आहे. परसातली पायरी चौघांना पुरते. शेंगांचं पोतं आणून ठेवलंय. येताना काही आणू नकोस, रिकाम्या हातानं ये. सकाळच्या गाडीनं निघालात की फोन कर, काका स्टँडवर घ्यायला येतील. चालत येतील.